आधी हाकेन, मग बाकीचे : २००८-०९ च्या मंदीत जपानचे तात्पुरते कामगार

लेहमन ब्रदर्स ही बडी अमेरिकन गुंतवणूक बँक बुडाली १५ सप्टेंबर २००८ ला, न्यूयॉर्कमध्ये. अमेरिकेतल्या बुडीत गृहकर्जांमध्ये जपानी बँकांचे हात फारसे अडकलेले नव्हते. त्यामुळे पहिले काही दिवस तोक्योत सूर होता तो 'आपल्याला काय त्याचं' असाच. अर्थधोरण खात्याचे मंत्री काओरू योसानो यांनी तर हा फटका मधमाशी चावण्याइतकाच असेल असं सांगून टाकलं. मधमाशी मग कारखान्यांना चावली. अमेरिकेत आणि युरोपात गाड्या, टीव्ही, यंत्रं घेणारं गिऱ्हाईक एका तिमाहीत गायब झालं, त्यातच येन महागला. जानेवारी २००९ ची निर्यात आदल्या जानेवारीपेक्षा ४५ टक्क्यांहून अधिक खाली होती. टोयोटाने २२ डिसेंबरला जाहीर केलं की या वर्षी मूळ धंद्यातच तोटा होणार. सत्तर वर्षांत पहिल्यांदा.

अशा वेळी माणसं कमी होणार हे उघड आहे. प्रश्न असतो कुठली माणसं, हा. जपानच्या मोठ्या कंपन्यांनी कायम कामगारांना सहसा हात लावला नाही. ओव्हरटाइम बंद झाला, बोनस कापला गेला, काही ठिकाणी आठवड्यातून एक-दोन दिवस लाइन बंद राहिली. घरी गेले ते 'हाकेन', म्हणजे मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीने कारखान्यात पाठवलेले कामगार, आणि त्यांच्याबरोबर ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेले. टोयोटाकडे मुदतीवरचे असे साधारण ६,००० कामगार होते. मार्च २००९ अखेर ते ३,००० वर आणू, असं कंपनीने नोव्हेंबरमध्येच सांगून ठेवलं होतं. या कपातीला वर्तमानपत्रांनी 'हाकेन-गिरी' असं नाव दिलं. गिरी म्हणजे छाटणी.

आरोग्य, कामगार व कल्याण मंत्रालयाने २६ डिसेंबरला आकडा दिला: ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत कायम नसलेल्या ८५,००० कामगारांचं काम गेलं आहे किंवा जाणार आहे. दर महिन्याला नवी मोजणी होत गेली आणि मार्चपर्यंत हाच आकडा १,९०,००० च्या वर पोचला. त्यातले सुमारे दोन तृतीयांश हाकेन. श्रमशक्ती सर्वेक्षणातही तेच दिसतं. हाकेन कामगारांची २००८ ची सरासरी १४ लाख होती, २००९ ची सुमारे १०.८ लाख, २०१० ची ९.६ लाख. पहिल्याच वर्षी जवळपास चौथा हिस्सा गेला. कायम कामगारांची संख्या त्याच वर्षात एक टक्कासुद्धा हलली नाही.

या प्रकरणाचा अभ्यास करायचा तो याच फरकासाठी. 'मंदीत तात्पुरत्यांवर आधी कुऱ्हाड पडते' हे कुणीही सांगेल. ती कुऱ्हाड कुणी घडवली आणि ती पडल्यावर काय काय तुटलं, हे जपानच्या कागदपत्रांत जितकं स्वच्छ वाचता येतं तितकं क्वचितच कुठे वाचता येत असेल.

हा माणूस लाइनवर आला कसा

हाकेनचा कायदा झाला १९८५ मध्ये आणि लागू झाला १९८६ पासून. तेव्हा परवानगी होती ती मोजक्या कामांना: दुभाषे, सॉफ्टवेअर, ऑफिसातली यंत्रं चालवणं. विशेष कौशल्य आहे, मागणी तुटक आहे, तर मधली कंपनी असू दे, असा विचार. १९९९ मध्ये गणित उलटं केलं: मनाई कशाला ते लिहिलं, उरलेलं सगळं खुलं. कारखान्यातलं उत्पादनाचं काम मात्र बंदच ठेवलं होतं. मार्च २००४ पासून तेही उघडलं, आधी एका वर्षाच्या मर्यादेने. मार्च २००७ मध्ये ही मर्यादा तीन वर्षांवर गेली.

मधे २००६ मध्ये एक लफडं बाहेर आलं. अनेक नामांकित कारखाने माणसं घ्यायचे ती कागदावर 'काम ठेक्याने दिलं' असं दाखवून. प्रत्यक्षात हुकूम मात्र कारखान्याच्याच सुपरवायझरचा चालायचा. ठेका असेल तर कामगारांना सूचना ठेकेदाराने द्यायच्या, असा नियम आहे. वर्तमानपत्रांनी प्रकरण लावून धरलं, मंत्रालयाने डोळे वटारले, आणि कंपन्यांनी या माणसांना घाईघाईने ठेक्यातून काढून हाकेनमध्ये बसवलं. तिथून तीन वर्षं मोजली की येतं २००९. तीन वर्षं झाल्यावर त्याच जागेवर माणूस हवा असेल तर कंपनीने त्याला थेट नोकरीचा प्रस्ताव द्यायचा होता. जपानी व्यवस्थापनाच्या वर्तुळात याला '२००९ ची अडचण' म्हणत. म्हणजे मंदी येण्याच्या आधीपासूनच पुष्कळ कंपन्या या हजारो लोकांचं काय करायचं याचा हिशेब मांडून बसल्या होत्या. मंदीने तो प्रश्न परस्पर सोडवला. मंदीचं कारण खोटं होतं असं मी म्हणत नाही. मागणी खरंच कोसळली होती. पण छाटणी इतकी झटपट आणि इतकी सरसकट का झाली, हे या तारखेशिवाय नीट कळत नाही.

न्यायालयाने लावून दिलेला क्रम

जपानमध्ये कायम कामगाराला धंदा बसला म्हणून काढणं सोपं नाही. १९७० च्या दशकातल्या निकालांमधून चार कसोट्या तयार झाल्या: खरोखर गरज आहे का, टाळण्याचा प्रयत्न केला का, निवड न्याय्य आहे का, कामगारांशी चर्चा झाली का. ऐकायला हे कामगाराच्या बाजूचं आहे, आणि आहेच. पण दुसऱ्या कसोटीत मेख आहे. कपात टाळण्याचा प्रयत्न केला हे दाखवायचं तर कंपनी काय दाखवते? ओव्हरटाइम थांबवला, नवी भरती थांबवली, तात्पुरत्यांना कमी केलं. म्हणजे तात्पुरत्याची नोकरी जाणं हा कायम कामगाराची नोकरी वाचवण्याचा पुरावा ठरतो.

४ डिसेंबर १९८६ च्या हिताची मेडिको निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे जवळजवळ स्पष्ट शब्दांत म्हटलं. तो कामगार आधी वीस दिवसांसाठी घेतलेला, मग दोन-दोन महिन्यांचा करार पाच वेळा वाढवलेला. कंपनीला मंदी लागली, करार वाढवला नाही. त्याचं म्हणणं, आधी कायम कामगारांना स्वेच्छानिवृत्ती का विचारली नाही? न्यायालय म्हणालं, सोप्या पद्धतीने भरती झालेल्या मुदतीच्या कामगारात आणि आयुष्यभराच्या अपेक्षेने घेतलेल्या कामगारात फरक करणं वाजवी आहे. आधी याला कमी केलं यात गैर नाही.

म्हणून २००८ च्या हिवाळ्यात कारखान्यांनी जे केलं त्याला नुसतं 'निर्दयी' म्हणून भागत नाही. ते वीस-बावीस वर्षांपूर्वी आखून दिलेल्या रस्त्याने गेले. कंपनीनिहाय युनियनही कायम कामगारांचीच असायची, तात्पुरत्यांना बहुतेक ठिकाणी सभासदत्वच नव्हतं. युनियनच्या बैठकीत ज्याला खुर्ची नाही त्याच्यासाठी बोनस सोडायला कोण तयार होणार?

इसुझू: एकच लाइन, दोन करार

या सगळ्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण ट्रक बनवणाऱ्या इसुझूचं आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीने ठरवलं की फुजिसावा आणि तोचिगी इथल्या दोन कारखान्यांतले कायम नसलेले साधारण १,४०० कामगार डिसेंबर अखेर सगळे कमी करायचे. त्यात दोन जातीचे लोक होते. काही हाकेन, पुरवठादार कंपनीचे. काही, साडेपाचशेच्या आसपास, इसुझूने स्वतः घेतलेले, पण मुदतीचे. त्यांची मुदत अजून संपायची होती. पुष्कळांची तर २००९ च्या वसंतापर्यंत होती. काम तेच, लाइन तीच, पाना तोच.

फरक कागदाचा. १ मार्च २००८ पासून, म्हणजे जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी, जपानमध्ये कामगार करार कायदा लागू झाला होता. त्याचं १७ वं कलम सांगतं की मुदतीचा करार असेल तर अगदी टाळता न येणारं कारण असल्याशिवाय मालकाला मुदतीच्या आत कामगाराला काढता येत नाही. थोडक्यात, मुदतीच्या आत काढणं हे कायम कामगाराला काढण्यापेक्षाही अवघड. थेट करारवाल्या काही कामगारांनी कंपनीबाहेरच्या युनियनमध्ये नाव घातलं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला न्यायालयात तातडीचा अर्ज केला. २४ डिसेंबरला इसुझूने या साडेपाचशे लोकांची मुदतीआधीची कपात मागे घेतली.

पुढे कंपनीने त्यांना घरी बसवलं आणि पगाराच्या साठ टक्के भत्ता द्यायला घेतला. तेही न्यायालयात गेलं, आणि मे २००९ मध्ये उत्सुनोमिया जिल्हा न्यायालयाच्या तोचिगी शाखेने पूर्ण पगार द्या असा तात्पुरता आदेश दिला. करार संपल्यावर नूतनीकरण झालं नाही ते नाहीच. पण हातात काही महिने आले, आणि पूर्ण पगाराचे काही महिने म्हणजे भाड्याचं घर आणि पुढची नोकरी शोधायला उसंत.

हाकेनवाल्यांना यातलं काही मिळालं नाही. त्यांचा मालक इसुझू नव्हताच. इसुझू आणि पुरवठादार यांच्यात जो करार होता तो दोन कंपन्यांमधला व्यापारी करार, सेवा नको झाली की कळवून रद्द करण्यासारखा. १७ वं कलम हाकेन कामगारालाही लागू होतं, पण त्याच्या स्वतःच्या मालकाविरुद्ध, म्हणजे पुरवठादाराविरुद्ध. कायद्याप्रमाणे कारखान्याने करार तोडला तरी पुरवठादाराने उरलेल्या मुदतीपर्यंत माणसाला दुसरीकडे लावायचं किंवा निदान साठ टक्के भत्ता द्यायचा. त्या महिन्यांत दुसरीकडे लावायला जागाच नव्हत्या, आणि एकाच वेळी शेकडो लोकांचा भत्ता स्वतःच्या खिशातून देण्याची ताकद किंवा इच्छा बहुतेक पुरवठादारांकडे नव्हती. त्यांनीही काढून टाकलं. कारखाना म्हणतो तो माझा कामगार नाही. पुरवठादार म्हणतो माझ्याकडे काम नाही. मधल्या फटीत माणूस.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात

नुसती नोकरी गेली असती तर चित्र इतकं विदारक झालं नसतं. कारखान्याच्या हाकेन भरतीची पद्धतच अशी होती की माणूस होक्काइदो, ओकिनावा किंवा ईशान्येकडच्या एखाद्या गावातून यायचा आणि पुरवठादाराने भाड्याने घेतलेल्या खोलीत राहायचा. जाहिरातीत 'राहण्याची सोय' ठळक छापलेली. खोलीचं भाडं, वीज-पाणी, पुष्कळदा टीव्ही, फ्रीज, गादी यांचंही भाडं पगारातून कापून जायचं. हातात जे पडायचं त्यात शिल्लक टाकणं कठीण, आणि जपानमध्ये नवी खोली घ्यायची तर अनामत, घरमालकाला द्यायची 'भेट', दलाली आणि जामीनदार असं सगळं एकदम लागतं. करार संपला की खोली काही दिवसांत रिकामी करायची. पत्ता नाही म्हणून नोकरी मिळत नाही, नोकरी नाही म्हणून पत्ता मिळत नाही.

बेरोजगारी विमा होता की. पण तो ज्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केला होता, तो एका कंपनीत वर्षानुवर्षं राहणारा. निदान एक वर्ष काम चालेल अशी अपेक्षा असलेल्यालाच विम्यात घ्यायचं, असा तेव्हाचा निकष. दोन-तीन महिन्यांच्या करारांवर फिरणारा माणूस त्यात बसायचाच असं नाही. शिवाय करार नुसता 'वाढवला नाही' तर त्याला कपात मानत नसत. मग भत्त्यासाठी सहा महिन्यांऐवजी बारा महिन्यांची वर्गणी दाखवावी लागे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मार्च २००९ मध्ये काही श्रीमंत देशांची तुलना केली तेव्हा बेरोजगार भत्ता न मिळणाऱ्या बेरोजगारांचं प्रमाण जर्मनीत १३ टक्के निघालं आणि जपानमध्ये ७७. जपान हा काही गरीब देश नव्हता.

शेवटचा आधार म्हणजे 'सेइकात्सु होगो', सरकारी निर्वाह मदत. कायद्यात ती प्रत्येक गरजूसाठी आहे. प्रत्यक्षात काउंटरवर 'तुम्ही धडधाकट आहात, काम शोधा' किंवा 'आधी पत्ता आणा' असं सांगून अर्जच न देण्याची रीत होती. नोकरी, विमा, मदत: या तीन पायऱ्यांपैकी पहिली निसटली की माणूस थेट तळाला जातो, असं गरिबीविरोधी कार्यकर्ते माकोतो युआसा तेव्हा सांगत फिरत होते. त्यांनी ते लवकरच सगळ्या देशाला दाखवलं.

सहा दिवसांचं गाव

तोक्योचं हिबिया पार्क कासुमिगासेकीला, म्हणजे सरकारी मंत्रालयांच्या भागाला, लागून आहे. रस्ता ओलांडला की कामगार मंत्रालयाची इमारत. ३१ डिसेंबर २००८ रोजी, सरकारी कचेऱ्या नववर्षाच्या सुट्टीसाठी बंद असताना, तिथे तंबू उभे राहिले. नाव 'तोशिकोशी हाकेन मुरा': हाकेन कामगारांचं, वर्ष ओलांडायचं गाव. युआसा त्याचे 'सरपंच', वकील केंजी उत्सुनोमिया 'मानद सरपंच'. एरवी एकमेकांकडे पाठ करून बसणाऱ्या तिन्ही राष्ट्रीय कामगार महासंघांचे लोक या कामात एकत्र आले, हे जपानी कामगार चळवळीत सहसा घडत नाही.

गरम जेवण, झोपायला जागा, डॉक्टर, आणि वकिलांचं सल्ला-टेबल, असा बेत होता. माणसं अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आली. काही जण शहराबाहेरून चालत आले होते. १ जानेवारीला तंबू पुरेनात. २ जानेवारीच्या संध्याकाळी दबाव वाढल्यावर मंत्रालयाने आपलं सभागृह उघडलं आणि अडीचशेच्या वर माणसं मंत्रालयाच्याच छपराखाली झोपली. ५ तारखेपर्यंत नोंद पाचशेच्या आसपास गेली, मदतीला आलेले स्वयंसेवक १,७०० च्या घरात. त्या दिवशी सगळ्यांना तोक्योतल्या चार सरकारी जागांमध्ये हलवलं. दोनशेहून अधिक जणांनी चियोदा वॉर्डच्या कचेरीत निर्वाह मदतीचे अर्ज केले, आणि एरवी आठवडे खाणारे, किंवा स्वीकारलेच न जाणारे, अर्ज दिवसांत मंजूर झाले. कायदा तोच होता. बदललं एवढंच की काउंटरवर आता कॅमेरे होते आणि शेजारी वकील.

त्याच ५ जानेवारीला एका खात्याच्या संसदीय उपमंत्र्याने जाहीर शंका घेतली की हे लोक खरंच मनापासून काम करू इच्छिणारे आहेत का. दुसऱ्या दिवशी त्याला शब्द मागे घ्यावे लागले. या शंकेचं उत्तर रोजगार केंद्रांच्या आकड्यांत होतं: २००९ च्या ऑगस्टपर्यंत शंभर उमेदवारांमागे जेमतेम ४२ जागा उरल्या.

या गावाबद्दल एक टोचणारी गोष्ट सांगायला हवी. ते इतकं गाजलं याचं एक कारण म्हणजे तिथे आलेले बहुतेक जण कामाच्या वयाचे पुरुष होते. १९७४-७५ च्या तेलसंकटानंतरच्या मंदीत जपानी कारखान्यांनी मोठ्या संख्येने कमी केल्या त्या पार्ट-टाइम बायका. त्या घरी परतल्या, नोकरी शोधणाऱ्यांत त्यांची नोंद झाली नाही, त्यामुळे बेरोजगारीचा दर फारसा वाढलाही नाही. देशाने ती गोष्ट 'लवचीकता' म्हणून मिरवली. त्यांच्यासाठी कुणी तंबू ठोकले नव्हते.

परत जा, आणि पैसे घ्या

हाकेनमधला आणखी एक गट पार्कात जवळपास दिसला नाही, कारण तो तोक्योत राहतच नव्हता. १९९० मध्ये इमिग्रेशन कायदा बदलून जपानने जपानी वंशाच्या ब्राझिलियन आणि पेरुव्हियन लोकांना कामाची मुभा देणारा व्हिसा दिला. हामामात्सु, तोयोता, ओइझुमी अशा कारखान्यांच्या गावांत त्यांच्या वसाहती झाल्या. २००७-०८ मध्ये एकट्या ब्राझिलियनांची संख्या तीन लाखांच्या वर होती. त्यातले पुष्कळ जण पुरवठादारांमार्फत सुट्या भागांच्या कारखान्यांत लागलेले. छाटणी सुरू झाल्यावर आईबापांना फी परवडेना म्हणून ब्राझिलियन शाळा ओस पडू लागल्या.

एप्रिल २००९ मध्ये सरकारने योजना आणली: मायदेशी परत जाणाऱ्याला तीन लाख येन, कुटुंबातल्या प्रत्येकाचे आणखी दोन लाख. अट एकच, त्याच वंशाधारित व्हिसावर पुन्हा यायचं नाही. साधारण २१,००० लोकांनी ते पैसे घेतले. पैसे न घेता स्वखर्चाने गेलेले वेगळेच. २०१० अखेर ब्राझिलियनांची संख्या २,३०,००० च्या आसपास आली. बेरोजगाराला देशाबाहेर पाठवलं की तो त्या देशाच्या बेरोजगारीच्या दरात मोजला जात नाही. हिशेब म्हणून चोख, माणुसकी म्हणून काय म्हणावं?

नंतरची डागडुजी

सरकार हललं नाही असं म्हणता येणार नाही. डिसेंबर २००८ मध्येच सरकारी कामगार वसाहतींतल्या रिकाम्या खोल्या उघडल्या, माणसाला खोलीत राहू देणाऱ्या मालकांना मदत दिली, घर आणि नोकरीशोधासाठी १८.६ लाख येनपर्यंतचं कर्ज सुरू केलं. विम्यात शिरण्याचा एक वर्षाचा निकष एप्रिल २००९ मध्ये सहा महिन्यांवर आणि एप्रिल २०१० मध्ये ३१ दिवसांवर आणला. या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही ३१ दिवसांची ओळ, जिची बातमी सगळ्यात छोटी झाली.

सगळ्यात जास्त पैसा मात्र गेला कामगार घरी बसवून ठेवणाऱ्या कंपन्यांना द्यायच्या अनुदानावर. लहान उद्योगांना भत्त्याच्या चार पंचमांश, आणि कुणाला काढलं नसेल तर नऊ दशांशापर्यंत रक्कम सरकार देई, आणि २००९ च्या मध्याला महिन्याला वीस लाखांहून अधिक कामगार या अनुदानाच्या आधारावर नोकरीत टिकले होते. योजना चांगलीच होती. पण ती मालकामार्फत जाते. मालकाने ज्याला आधीच सोडलं त्याच्यापर्यंत ती पोचत नाही. कायम कामगारासाठी सरकारने पैसे मोजले, तात्पुरत्यासाठी कर्ज काढायची सोय केली. फरक तिथेही राहिला.

ऑगस्ट २००९ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष हरला, नव्या सरकारने युआसांना मंत्रिमंडळ कार्यालयात सल्लागार म्हणून बोलावलं, आणि त्या वर्षअखेरचं 'गाव' तोक्यो प्रशासनाने स्वतः भरवलं. तिथे आठशेहून जास्त लोक आले. कारखान्यांतलं हाकेन बंद करण्याचा मसुदाही तयार झाला होता. २०१२ मध्ये कायदा झाला तेव्हा ते कलम गळालं होतं. राहिलं ते असं: ३० दिवसांपर्यंतच्या रोजंदारी हाकेनवर अपवाद सोडून बंदी, पुरवठादाराने किती टक्के मधे ठेवले ते जाहीर करायचं, आणि कारखान्याने स्वतःच्या सोयीने करार तोडला तर नवी जागा शोधायची किंवा भत्त्याचा खर्च उचलायचा. शेवटची अट २००८ मध्ये असती तर छाटणीचा वेग बराच कमी झाला असता असं माझं मत आहे. तात्पुरता कामगार ठेवूच नये, हे मला पटत नाही. पण ज्याला कधीही जा म्हणता येतं त्याचा तास कायम कामगाराच्या तासापेक्षा महाग असायला हवा. तो स्वस्त होता, तिथेच सगळं बिघडलं.

न्यायालयांकडून फार काही हाती लागलं नाही. १८ डिसेंबर २००९ ला पॅनासॉनिकच्या प्लाझ्मा टीव्ही-पडद्यांच्या कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ठेका बनावट असला तरी तेवढ्यावरून कारखाना आणि कामगार यांच्यात नोकरीचा करार आपोआप निर्माण होत नाही. त्या निकालाने हाकेन-गिरीचे बरेच दावे ढासळले. अपवाद माझ्दा या गाड्या बनवणाऱ्या कंपनीचा. तिथे हाकेन कामगाराची मुदत भरत आली की त्याला तीन महिने आणि एक दिवस कंपनीच्या थेट नोकरीत घ्यायचे, आणि मग परत हाकेन म्हणून त्याच जागी. नियम असा होता की तीन महिन्यांपेक्षा जास्त खंड पडला की हाकेनच्या मुदतीची मोजणी पुन्हा शून्यापासून. तो एक दिवस त्यासाठी होता. यामागुची जिल्हा न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये पंधरापैकी तेरा जणांना कायम कामगार मानलं. पुढे वरच्या न्यायालयात तडजोड झाली.

२०२०: माणसं बदलली, जागा तीच

पुढची मोठी मंदी कोविडची. कारखाने लवकर सावरले. झळ बसली ती हॉटेलं, दुकानं, प्रवास अशा सेवांना. तिथे काम करणाऱ्या पार्ट-टाइम लोकांत बायका जास्त. २०२० मध्ये कायम नसलेल्या कामगारांची सरासरी संख्या सुमारे साडेसात लाखांनी घटली. कायम कामगार त्याच वर्षी साधारण साडेतीन लाखांनी वाढले.

या वेळी सरकारने एक धडा घेतलेला दिसतो. जुलै २०२० मध्ये अशी सोय झाली की लहान उद्योगात मालकाने भत्ता दिला नाही तर कामगार स्वतः अर्ज करून थेट सरकारकडून पैसे घेऊ शकेल. पण पार्ट-टाइमवाल्यांची हजेरी असते शिफ्टच्या तक्त्यावर. अनेक मालकांनी हात वर केले: पुढच्या महिन्याचा तक्ता तयारच झाला नव्हता, तर सुट्टी कसली आणि भत्ता कसला? शिफ्ट शून्य झाली, नोकरी मात्र कागदावर शाबूत, म्हणून ती बाई बेरोजगारही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मंत्रालयाला खुलासा करावा लागला की आधीच्या महिन्यांत नियमित शिफ्ट लागत असेल तर असा अर्ज चालेल. मोठ्या साखळी हॉटेलांतल्या शिफ्टवाल्यांना ही सोय मिळायला फेब्रुवारी २०२१ उजाडावा लागला, आणि तोवर त्यातल्या पुष्कळ जणींची शिफ्ट जवळपास वर्षभर रिकामी होती.